पन्हाळ्यावर शिकवलेला पूर

पूर आला तर काय करायचं, हे माझ्या भाचीला पन्हाळ्यावर शिकवलं. पन्हाळ्यावर! तिथं पाणी चढायचं तर आधी अख्खं कोल्हापूर बुडायला पाहिजे, आणि मग शिकायला उरणार कोण? पण शाळेनं ठरवलं, पालकांनी माना डोलावल्या आणि सातवीच्या पोरी दोन दिवस गडावर राहून 'सर्व्हायव्हल' शिकून आल्या. प्रत्येकीच्या हातात गुळगुळीत कागदाचं प्रमाणपत्र, खाली दोन सह्या, वर सोनेरी शिक्का. आमच्या बाईसाहेबांना ए-प्लस.

मी तिला समोर बसवून विचारलं, बाई गं, काय काय शिकवलं? तर म्हणे एक सर होते, त्यांच्या विजारीला अकरा खिसे होते. पोरींनी मोजले होते. त्या सरांनी काडेपेटीशिवाय जाळ करून दाखवायला घेतला. पाऊण तास दगडावर दगड घासले, पोरींना भुका लागल्या, तेव्हा अकरापैकी एका खिशातून लायटर निघाला. मग नूडल्स झाल्या. मग बुटाच्या नाडीच्या गाठी झाल्या. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर पूर आला. रबरी बोटीचं चित्र, लाईफ जॅकेटचं चित्र, बुडणाऱ्या माणसाचं चित्र.

"आणि पाण्यात कधी उतरलात?" मी विचारलं.

"पाण्याची थिअरी झाली आत्ती," ती म्हणाली.

मी पोट धरून हसले. हसता हसता मात्र थांबले. कारण ही पोर पाण्याला किती भिते ते मला ठाऊक होतं, आणि का भिते तेही. बारा वर्षांची झाली, अजून डोक्यावरून तांब्या ओतून घेत नाही. केस धुवायचे म्हटलं की मान मागं टाकते, डोळे गच्च मिटते आणि माझं मनगट धरते. शिबिरात पाण्यात उतरायचं नव्हतं म्हणून तिला ए-प्लस मिळाला. उतरायचं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी मला फोन करून घरी न्यायला लावलं असतं.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, खाली शिरोळच्या अंगाला. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले, इथंच मास्तरकी केली आणि इथंच निवृत्त झाले. ही पाच वर्षांची झाली तेव्हा मीच हट्टानं हिला इंग्रजी शाळेसाठी माझ्याकडं आणली. भावजय काही बोलली नव्हती. ती कधीच काही बोलत नाही, असा आमचा सगळ्यांचा समज.

त्या अकरा खिशांच्या सराला मी हसले खरी, पण हसायचा मला काय अधिकार? तीस वर्षं मीही तोच धंदा केला. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा माझ्याकडंच असायचा, कारण बाकीच्या मास्तरांना तो कंटाळवाणा वाटायचा. 'पूर आल्यास तुम्ही काय कराल? पाच मुद्दे लिहा.' उत्तर ठरलेलं. घाबरून जाऊ नये. उंच जागी जावे. रेडिओवरील सूचना ऐकाव्यात. पाणी उकळून प्यावे. अफवांवर विश्वास ठेवू नये. पाच मुद्दे, पाच गुण. वर्षाला शंभर-दीडशे पोरं हे पाठ करायची आणि मी लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत सुटायची. त्यातलं एक तरी पोर पोहायला शिकलंय का, हे विचारायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला स्वतःला पोहता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एका मुलीनं एकदा वेगळंच उत्तर लिहिलं होतं. नदीकाठच्या गावातून येऊन मामाकडं राहणारी मुलगी. तिनं पहिला मुद्दा लिहिला, 'आधी जनावरांची दावी कापावीत. सोडत बसू नये, भिजलेली गाठ सुटत नाही.' मी तिचा गुण कापला. पुस्तकात नव्हतं ना! वर शेरा लिहिला, 'विषयाला धरून लिहा.' शेरा लिहिताना आपण फार काटेकोर शिक्षिका आहोत असं वाटून मी सुखावले होते. अशा सुखाच्या थोबाडीत मारली पाहिजे.

पोहता येत नव्हतं ह्याला कारण आमचं घर. गावात मळ्यात आमची पायऱ्यांची विहीर होती, अजून आहे. उन्हाळ्यात भावकीतला प्रत्येक पोरगा त्या विहिरीत पोहायला शिकायचा. शिकायचा म्हणजे काय, पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचा. वर आला की शाबास, नाही आला की कुणीतरी उडी टाकायचा. दोन दिवसांत पोरगं बेडकागत पाय मारायला लागायचं. माझ्या धाकट्या भावाच्या पाठीला भोपळा बांधला तो मी. गाठ मी मारली, ओढून बघितली, आणि तो पाण्यात पडल्यावर काठावरून बोंब मारली तीही मीच. आम्हा पोरींचं काम कपडे सांभाळायचं. मी चौदा वर्षांची होते. वडिलांना म्हटलं, मला पण शिकवा की. वडील हसले. म्हणाले, तुला काय करायचंय पोहून, तुझ्या सासरी नळ असंल.

खरंच, सासरी नळ होता. वडिलांचं काही खोटं नव्हतं.

तो भाऊ पुढं गावात पट्टीचा पोहणारा म्हणून मिरवला. नदीला पाणी आलं की पुलावरून उड्या टाकणाऱ्यांत हा पहिला. पण हे सगळं वयाच्या पंचविशीपर्यंत. पुढं डेअरीचं संचालकपद आलं, पोट आलं, शुगर आली. पाण्यात पाय घातल्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी बढाई तशीच. कुणी पुराचा विषय काढला की मिशीवर बोट फिरवून म्हणायचा, "आमास्नी पाण्याचं काय सांगतासा? पाण्याचा नाद आमच्यासंगं करायचा न्हाय."

आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, भिंतीवर एक रेघ होती. वडिलांच्या काळात मोठा पूर आला तेव्हा पाणी जिथवर चढलं, तिथं त्यांनी खिळ्यानं ती ओढून ठेवलेली. गुडघ्याच्या जरा वर. भावानं तिच्यावर लाल ऑइलपेंट फिरवला आणि येईल त्या पावण्याला ती रेघ दाखवायला लागला. ह्याच्या वर पाणी येत न्हाय. जणू नदीनं ह्याला स्टँपपेपरवर लिहून दिलेलं. गोठा त्या रेघेहून उंच बांधला, धान्याची पोती त्या रेघेहून उंच फळीवर ठेवली आणि निवांत झाला.

पाच वर्षांपूर्वी मी नागपंचमीला माहेरी गेले. माझ्या वयाच्या बाईनं माहेरपणाला जावं का, असं शहरातल्या बायका विचारतात. आमच्यात जातात. भाचीच्या शाळेला पावसाची सुट्टी पडली होती, तिलाही घेऊन गेले. सात वर्षांची होती तेव्हा. पाऊस आठवडाभर धरून होता. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, शेजारपाजारचे लोक जनावरं सोडून वरच्या मराठी शाळेकडं न्यायला लागले. आणि आमचे बंधुराज काय करत होते? मोटारसायकल काढून नृसिंहवाडीला गेले. तिकडं पुराचं पाणी देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं, आणि त्या दारात आंघोळ केली की पुण्य लागतं. लोक लांबून लांबून येतात त्या आंघोळीला. पूर चढत असताना आमच्या जिल्ह्यातला माणूस आधी पुरात आंघोळ करायला जातो, ह्याला काय म्हणायचं! भाऊ ओल्या अंगानं परतला, प्रसादाचे पेढे वाटले आणि म्हणाला, आता काळजी न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अंगणात आलं. आम्ही सामान माळ्यावर चढवलं. भाऊ सोप्यातल्या बाजेवर मांडी घालून रेघेकडं बघत बसला. गल्लीतल्या पोरांनी येऊन सांगितलं, चला, बोट वरच्या गल्लीतली म्हातारी माणसं नेतीया, पुन्हा इकडं कधी येईल सांगता येत नाही. ह्यानं हात हलवून त्यांना वाटेला लावलं. दहाच्या सुमाराला पाणी रेघेला लागलं. भाऊ म्हणाला, बघ आक्का, लागलं, आता उतरंल. साडेदहाला रेघ दिसेनाशी झाली. मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, लाट असंल.

सोप्यात लाट! त्या क्षणाला मला भावाची कीव आली नाही, राग आला. आणि रागाच्या खाली भीती होती, कारण मला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी काय केलं? मी मोबाईलवर रेडिओ लावला. सूचना ऐकाव्यात ना! कुठलंतरी गाणं लागलं होतं.

तेवढ्यात मागं गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. भावजय विळा घेऊन त्या पाण्यातून गेली आणि तिनं चारही म्हशींची दावी फटाफट कापली. गाठ सोडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मी दारातून बघत होते आणि मला ती वर्गातली मुलगी आठवली, जिचा गुण मी कापला होता. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

भावजय परत आली ती काष्टा घालून. जन्मात पहिल्यांदा तिनं आम्हाला हुकूम केला. म्हणाली, म्हशींस्नी शाळंची वाट ठावं हाय, त्यांची शेपटं धरायची, पाय टेकंना झालं तरी सोडायचं न्हाय. घरापासून शाळेच्या उंचवट्यापर्यंत शे-सव्वाशे पावलं, पण मध्ये ओढ्याची घळ. एरवी पोरं उडी मारून ओलांडतात ती. आज तिथं डोक्यावर पाणी आणि ओढ. भाऊ म्हणाला, मला शेपूट नको, मी पवतो. आणि निघाला. चार हात मारले असतील नसतील, धाप लागली, आणि समोर विजेचा खांब आला त्याला त्यानं मिठी मारली. लाईट आदल्या दिवशीच तोडलेली, म्हणून वाचला. पट्टीचा पोहणारा दुपारी बोट येईपर्यंत त्या खांबाला धरून उभा होता. वेलीसारखा. त्याचं दुःख मला आजही होत नाही.

आम्ही तिघी निघालो. पुढं दोन म्हशी मोकळ्या. तिसरीचं शेपूट भावजयीच्या हातात. चौथी म्हातारी म्हैस, तिचं शेपूट माझ्या उजव्या हातात आणि डाव्या हातात भाची. भावजयीनं मला दोनदा बजावलं होतं, वन्सं, पोरीचा हात सोडू नगासा, शेपटाला एक हात पुरतोय. म्हैस तुमास्नी वडत न्हेती, तुमी काय करायचं न्हाय.

घळीपाशी माझे पाय सुटले. नाकातोंडात पाणी गेलं. आणि मी शेपूट दोन्ही हातांनी धरलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लोकांना सांगताना मी म्हणते, पोरीचा हात सुटला. सुटला कसला? मी सोडला. मला जगायचं होतं आणि त्या क्षणी मला दुसरं काही दिसलं नाही. तीस वर्षं 'घाबरून जाऊ नये' शिकवणारी बाई मी.

भावजयीनं मागं वळून बघितलं आणि म्हशीचं शेपूट सोडून दिलं. ती पाण्याखाली गेली. मी म्हशीच्या मागं फरफटत उंचवट्याला लागले, चिखलात गुडघे टेकले आणि मागं वळून बघितलं, तर नुसतं गढूळ पाणी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खालच्या अंगाला बाभळीपाशी तिचं डोकं वर आलं. एका हातात पोरीचे केस. पोरीला उताणी करून, केसाला धरून, ती एका हातानं पाणी मारत तिरकी काठाला आली. ओढीच्या विरुद्ध एकदाही गेली नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि ही बाई पोहते हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

शाळेच्या व्हरांड्यात पोरगी ओकली, रडली, आईच्या कुशीत शिरली. माझ्याकडं आली नाही. तीन दिवस आली नाही. मला ते पटत होतं.

पाणी ओसरल्यावर गावात मदतीची रांग लागली. शहरातून लोक आले, जुन्या साड्या आल्या, फाटकी जीनची पँट आली, ती कुणाला चढवायची ते कळेना. भाषणं झाली. आमच्या भावानं महिन्याभरात पुराची गोष्ट तयार केली. त्यात तो खांबाला धरून वाचला नव्हता, तर खांबाला दोर बांधून बायकामाणसांना काढणार होता, पण तेवढ्यात बोट आली. डेअरीवर लोक ऐकून घ्यायचे. घरी सांगायचा तेव्हा भावजय त्याच्या मागं उभी राहून ऐकायची आणि चहा द्यायची. मी तिला एकदा स्वयंपाकघरात विचारलं की पोहायला येतं हे कधी बोलली का नाहीस? तिचं माहेर कृष्णेकाठाला. लहानपणी रोज म्हशी नदीवर धुवायला न्यायची, शेपूट धरून पलीकडं जायची, पलीकडचं गवत कापून परत यायची. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. भाकरी करता येते हे कुणी सांगत फिरतं का, असं तिनं मलाच विचारलं.

आणि ही भाची, ए-प्लसवाली, त्या दिवसापासून तांब्याला भिते.

ते प्रमाणपत्र मी गावी नेलं. मे महिन्याची सुट्टी लागली होती. भावानं ते फ्रेम करून सोप्यात लावायचं ठरवलं, त्या लाल रेघेच्या बरोबर वर. त्यानं आता रेघही नवी ओढलेली, छातीएवढ्या उंचीवर. ह्याच्या वर पाणी येत न्हाय, असं माझ्यादेखत त्यानं एका पावण्याला सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. गाढवाच्या पाठीवर गोणी बदलली तरी गाढव तेच.

भावजयीनं प्रमाणपत्र हातात घेऊन बघितलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. लेकीला विचारलं, ह्यात काय लिवलंय? लेकीनं सांगितलं, पुरात जीव कसा वाचवायचा ते मला येतं असं लिहिलंय. भावजयीनं कागद परत दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, जूनच्या आत हिला पाण्यात घालायची."

भाऊ तडकला. बारा वर्षांची पोरगी, विहिरीत? माणसं काय म्हणतील? तिला कोल्हापुरात टँकवर घालू, लेडीज बॅच असते, ड्रेस असतो, कोच असतो. बरं, घाल म्हटलं, तर म्हणाला दिवाळीत बघू. पूर दिवाळीत येतो का, असं मी विचारलं. त्यावर तो उठून डेअरीला गेला. भावजयीनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन राखेनं घासून धुतला, झाकण गच्च बसवलं आणि साडीचा काठ फाडून त्याला बांधला. आता भोपळे कोण वाळवतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी मळ्यातल्या विहिरीवर गेलो. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, पण स्वच्छ, तळातली पायरी दिसत होती. भावजय काष्टा मारून सरळ पाण्यात उतरली आणि मधोमध जाऊन उभ्यानं तरंगायला लागली. म्हणाली, ये. पोरगी पाठीला कॅन बांधून तिसऱ्या पायरीवर बसली आणि हलेना. पाय ओले करीना. तोंड पांढरंफटक. अर्धा तास गेला. आई बोलावतेय, ही मान हलवतेय.

मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्ती, आधी तू."

मी वरच्या पायरीवर होते, छत्री घेऊन, ऊन लागू नये म्हणून. मी म्हटलं, अगं माझं वय झालं, मला गुडघेदुखी, मला कुठं शिकायचंय. आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी तिला समजवायला लागले. घाबरायचं नसतं. भीती ही मनाची अवस्था असते. आपण मनाला सांगायचं. असं मी बराच वेळ बोलले असेन. पोरगी ऐकत होती. तिला तीस वर्षांचा धडा मी पाच मिनिटांत दिला. ती पायरीला अजून घट्ट धरून बसली.

भावजय पाण्यातून बोलली. आवाज चढवला नाही, दूध नासलं हे सांगावं तसं सांगितलं.

"वन्सं, हिला पाणी ठावं हुतं. चार वर्साची असल्यापासनं मी हिला म्हशीसंगं नदीला न्ह्यायचो. शेपूट धरून पाय मारायला लागलीवती. एक उन्हाळा आनखी मिळाला असता तर शेपूट सोडून पवली असती. तुमीच म्हणलासा."

"मी? मी काय म्हणाले?"

"म्हणलासा, पोरीला म्हशीच्या शेपटीला काय लावतीस, माणसात आण जरा."

मला काहीच आठवत नव्हतं, आणि मग सगळंच आठवलं. दुपारची वेळ होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेत मुलाखत, मी तिला न्यायला आले होते. ही पाच वर्षांची पोर नदीवरून आली, ओले केस, अंगाला म्हशीचा वास, पायाला शेवाळ, आणि खिदळत मला सांगायला लागली की आज मी खोल पाण्यात गेले. मी नाकाला पदर लावला. भावजयीला बोलले, चारचौघींसमोर बोलले. आणि त्या संध्याकाळी पोरीला कोल्हापूरला घेऊन आले. घरी आल्यावर शाम्पूनं दोनदा धुतली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. एका पोरीचं कल्याण केलं म्हणून.

म्हणजे घळीपाशी मी तिचा हात सोडला तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा सोडला तो कोरड्या जमिनीवर, शहाणपणाच्या भरात, आणि त्याला कुणी पूर म्हणालं नाही. भावजय सात वर्षं गप्प होती. मी भावाला हसत होते, अकरा खिशांच्या सराला हसत होते, आणि ती चहा देत होती.

मी छत्री मिटली. चष्मा काढून पायरीवर ठेवला. पदर खोचला, काष्टा मला नीट घालता येत नाही, जमेल तसा घातला. भावजयीनं वर येऊन पोरीच्या पाठीचा कॅन सोडला आणि माझ्या पाठीला बांधला. गाठ ओढून बघितली. एक पायरी, दोन पायऱ्या. घोट्याला पाणी लागलं तेव्हा मला रडू आलं, भीतीनंच. कंबरेपर्यंत गेले आणि मागची पायरी दोन्ही हातांनी धरली.

"सोडा आता," भावजय म्हणाली.

मी पायरी सोडली. खाली गेले, पाणी प्याले, वर आले, खोकले, हातपाय झाडले. सगळा तमाशा. काठावर कुणी हसलं असतं तर मी हसू दिलं असतं. भावजयीचा हात माझ्या हनुवटीखाली होता, आणि तो तिनं काढला नाही.

डोळ्यांतलं पाणी पुसून मी मागं वळले, तर पोरगी कॅन नसताना पाण्यात उतरत होती.